टेकआउट घेताना, काउंटरवर टिप द्यायची का? अमेरिकेत राहणाऱ्यांना वारंवार पडणारे प्रश्न

मी एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या व्हिसावर, टेक्ससला आले आणि वर्क परमिट हातात पडल्यावर पहिली नोकरी लागली ती एका बेकरी कॅफेत, काउंटरवर. दोन वर्षं तिथे होते. त्यामुळे पैसे भरताना टिप विचारणाऱ्या स्क्रीनवर गिऱ्हाईकाचं बोट कुठे घुटमळतं ते मी रोज समोरून बघितलंय. ओळखीतलं कोणी नवीन आलं की पहिल्या महिन्यात हेच प्रश्न विचारतं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. टेबलवर बसून जेवलात, सर्व्हरने आणून वाढलं, तर टॅक्सच्या आधीच्या बिलावर १५ ते २० टक्के द्यायचेच, त्याबद्दल इथे काही लिहीत नाही. हे फक्त काउंटर आणि टेकआउटबद्दल, म्हणजे आपण पार्सल म्हणतो ते.

थोडक्यात सांगा ना, द्यायची की नाही?

काउंटरवर ऑर्डर दिली आणि तिथेच हातात मिळाली तर नाही दिली तरी चालतं, त्यात काही चुकत नाही. बसून जेवायच्या रेस्टॉरंटमधून टेकआउट उचललं तर थोडी द्या, दहा टक्क्यांच्या आसपास नाहीतर सरळ दोन-तीन डॉलर. ऑर्डर मोठी असेल, किंवा कोणी पावसात गाडीपर्यंत आणून दिली असेल, तर नक्की द्या.

इथल्या शिष्टाचाराबद्दल ज्यांचा शब्द लोक मानतात त्या एमिली पोस्ट इन्स्टिट्यूटचं म्हणणंही साधारण असंच आहे. टेकआउटवर टिप देणं बंधनकारक नाही, पण जास्तीची सेवा मिळाली किंवा ऑर्डर मोठी, किचकट असेल तर दहा टक्के द्यावेत. काउंटरवर ठेवलेल्या टिपच्या बरणीत टाकायलाच पाहिजे असं नाही, पण तुम्ही नेहमीचे गिऱ्हाईक असाल तर अधूनमधून टाकावेत.

पण दोन्हीकडे पिशवीच तर उचलतो ना, मग फरक कसला?

फरक पिशवी देणाऱ्याच्या पगारात आहे, आणि हे एकदा कळलं की बाकीचे निम्मे प्रश्न सुटतात.

अमेरिकेत केंद्राचं किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे, २००९ पासून तेवढंच. पण ज्यांना टिप मिळते अशा कामगाराला मालक ताशी फक्त २.१३ डॉलर देऊ शकतो, आणि हा आकडा तर १९९१ पासून हललेला नाहीये. मधले ५.१२ डॉलर तुमच्या-माझ्या टिपमधून भरून निघतात असं धरलं जातं, त्याला टिप क्रेडिट म्हणतात. म्हणजे सर्व्हरची टिप ही बक्षिसी वगैरे नाही, तो त्याचा पगारच आहे आणि तो मालकाऐवजी आपण देतोय.

आता काउंटरवर काम करणाऱ्याला बहुतेक ठिकाणी पूर्ण पगार असतो. मला कॅफेत ताशी ११ डॉलर मिळायचे, टिप आली काय न आली काय, ११ ठरलेले. पण आमच्याच कॅफेतली एक मैत्रीण संध्याकाळी एका बसून जेवायच्या रेस्टॉरंटमध्ये बारवर काम करायची, २.१३ वर. तिथे टेकआउटसाठी वेगळा माणूस नव्हता, फोन तीच घ्यायची, पिशव्या तीच भरायची, आणि तेवढा वेळ बारवरची टिप देणारी माणसं ताटकळत बसायची. एका संध्याकाळी तिने १४ टेकआउट ऑर्डर भरल्या आणि त्यातल्या तिघांनी टिप दिली. तो सगळा वेळ ती २.१३ वर राबत होती. ती हे सांगत होती तेव्हा मी स्वतः कितीदा त्याच रेस्टॉरंटमधून पिशवी उचलून शून्य टाकून आले होते ते आठवलं, आणि तेव्हापासून मी अशा जागी टिप दिल्याशिवाय निघत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. महिन्याला ३० डॉलरपेक्षा जास्त टिप मिळणाऱ्या कोणालाही कायदा टिपवाला कामगार मानतो, त्यामुळे एखादा मालक काउंटरवाल्यालाही कमी पगारावर ठेवू शकतो. फार ठिकाणी असं नसतं, पण असतं. रोजच्या ओळखीचं दुकान असेल तर सरळ विचारा, 'तुम्हाला पूर्ण वेज मिळतो का?' मला दोन-तीनदा कोणीतरी विचारलं होतं, मला तर बरंच वाटलं.

आणि टिप कमी पडली तर? २.१३ वर कोणी कसं जगणार?

टिप धरूनही ताशी ७.२५ होत नसतील तर उरलेला फरक मालकाने भरायचा, असा कायदा आहे. पण हा हिशोब एका शिफ्टचा नसतो, पूर्ण आठवड्याचा असतो, त्यामुळे मंगळवारची रिकामी संध्याकाळ शनिवारच्या गर्दीत बुडून जाते आणि मालकाला काही भरावं लागत नाही. शिवाय फरक मागायचा म्हणजे मालकाशी भांडायचं, आणि पुढच्या आठवड्याच्या शिफ्ट तोच लावणार असतो. कोण भांडेल सांगा.

सगळ्या राज्यांत असंच आहे का?

नाही. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना आणि अलास्का या सात राज्यांत टिप क्रेडिट चालत नाही, तिथे सर्व्हरलाही राज्याचं पूर्ण किमान वेतन आधी मिळतं आणि टिप त्याच्या वर. कॅलिफोर्नियात तर मोठ्या फास्ट फूड चेनमध्ये १ एप्रिल २०२४ पासून ताशी किमान २० डॉलर आहेत. त्यामुळे सिअ‍ॅटलमध्ये टेकआउट उचलताना टिप नाही दिली तर मला फारसं काही वाटणार नाही, पण डॅलस किंवा अटलांटामध्ये तोच माणूस तेच काम २.१३ वर करत असू शकतो. बाकीच्या राज्यांत आकडे वेगवेगळे आहेत, तुमच्या राज्याच्या कामगार खात्याच्या साइटवर पाच मिनिटांत सापडतात.

स्क्रीनवर १८, २०, २५ टक्के येतं, 'नो टिप' दाबलं तर समोरच्याला राग येतो का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारे खरंच ओशाळलेले असतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ते आकडे समोरच्या मुलीने टाकलेले नसतात. ते मालक सेटिंगमध्ये ठरवतो, कुठली तीन बटणं मोठी दिसणार, 'नो टिप' कुठे असणार, सगळं. आमच्याकडे आधी १०, १५, २० होतं आणि एका सोमवारी येऊन बघते तर १८, २०, २५ झालेलं, आम्हाला कोणी विचारलंही नव्हतं. त्या दिवशी सकाळी रांगेतला एक माणूस माझ्यावरच ओरडला, तीन डॉलरच्या मफिनवर २५ टक्के कसले मागता म्हणून. त्याचं बरोबरच होतं, पण मी काय करणार होते?

स्क्रीन फिरवून दिली की आम्ही मुद्दाम दुसरीकडे बघायचो. झाकणं लावायची, नॅपकिन सारखे करायचे, मागे वळून कॉफी बघायची. तुमच्यावर दबाव येऊ नये म्हणून. कोणी काय दाबलं ते बहुतेक वेळा कळायचंसुद्धा नाही, आणि कळलं तरी सकाळी आठच्या गर्दीत पुढच्या माणसाची ऑर्डर घेताना लक्षात राहायचं नाही. लक्षात राहतात ते उद्धट बोलणारे, टिप न देणारे नाही. तेव्हा 'नो टिप' दाबायचं असेल तर दाबा, हसून थँक यू म्हणा आणि निघा. घाबरून २५ दाबायचं आणि मग गाडीत बसून चिडचिड करायची, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

'कस्टम' नावाचं बटण पण असतं, त्यात एक डॉलर टाकता येतो. तीन मोठ्या बटणांतलंच एक निवडायचं असं काही नाहीये.

टेकआउट भरायला असं किती काम असतं?

एका सँडविचला काही नाही. पण आठ जणांचं जेवण घ्या. प्रत्येक डब्याचं झाकण चारी बाजूंनी दाबून बघायचं, सूप असेल तर झाकणावर प्लास्टिक गुंडाळायचं नाहीतर गाडीत सांडतं, गरम आणि थंड वेगळ्या पिशवीत, सॉसच्या वाट्या मोजायच्या, कोणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे तो डबा वेगळा काढून त्यावर लिहायचं, चमचे-काटे किती ते बघायचं, मग पावती घेऊन ओळ न् ओळ ताडून बघायची, कारण एक डबा राहिला तर तुम्ही वीस मिनिटं गाडी चालवून परत येणार आणि ते योग्यच आहे. आणि हे सगळं फोन खांद्यावर धरून, समोर रांग असताना. अशा ऑर्डरवर दहा टक्के मला अजिबात जास्त वाटत नाहीत.

टिप टॅक्स धरून काढायची की आधीच्या रकमेवर?

आधीच्या रकमेवर. बरेचदा मशीन टॅक्स धरून टक्के काढतं, तेवढं बघून घ्या. ३० डॉलरचं जेवण आणि ८ टक्के टॅक्स असेल तर बिल ३२.४० होतं, २० टक्के एकीकडे ६ होतात आणि दुसरीकडे ६.४८. फरक छोटा आहे पण टॅक्सवर टिप द्यायचं काही कारण नाही.

आपण दिलेली टिप त्यांनाच मिळते ना? की मालक ठेवतो?

मालकाने, मॅनेजरने किंवा सुपरवायझरने कामगारांच्या टिपमधला एक पैसाही घ्यायचा नाही. २०१८ मध्ये केंद्राच्या कायद्यात हे स्पष्ट लिहिलं गेलं. मॅनेजरने एखाद्या गिऱ्हाईकाचं सगळं काम एकट्याने स्वतः केलं असेल तर तेवढी टिप त्याची, बाकी नाही. टिप सगळ्यांमध्ये वाटून घेता येते, आणि मालक कामगारांना पूर्ण किमान वेतन देत असेल तर त्या वाटणीत किचनमधले लोकही येऊ शकतात.

आमच्याकडे रात्री दुकान बंद झालं की बरणी काउंटरवर उलटी करायचो, नाणी वेगळी, नोटा वेगळ्या, आणि कोणी किती तास केले त्याप्रमाणे वाटणी. एखाद्या दिवशी चौघांत मिळून एकतीस डॉलर. कार्डवरचे पगारात यायचे. सगळं धरून तासाला एखादा डॉलर जास्त पडायचा, मला तेवढ्यात महिन्याचा फोनचा खर्च सुटायचा.

नियम असला तरी सगळीकडे पाळतात असं नाही. माझी एक ओळखीची ज्या दुकानात होती तिथला मॅनेजर रोज बरणीतून 'त्याचा वाटा' काढायचा, आणि हे बेकायदेशीर आहे हे तिथल्या कोणालाच माहीत नव्हतं. तिने शेवटी केंद्राच्या कामगार खात्याच्या वेज अँड आवर डिव्हिजनकडे तक्रार केली. तुम्ही किंवा तुमचं कोणी अशा ठिकाणी काम करत असेल तर हे नाव लक्षात ठेवा, तक्रार करायला पैसे लागत नाहीत आणि तक्रार केली म्हणून नोकरीवरून काढणं हेही बेकायदेशीरच आहे.

कॅश द्यावी की कार्डवर?

जमलं तर कॅश. कार्डवरच्या टिपवर जेवढी प्रोसेसिंग फी बसते तेवढी कापायला केंद्राचा कायदा मालकाला परवानगी देतो (कॅलिफोर्नियात ही कपात चालत नाही). कार्डवरचे पैसे पगाराच्या दिवशी मिळतात, कॅश त्याच रात्री, आणि ताशी सात-आठ डॉलरवाल्याला त्याच रात्री मिळण्याचं फार असतं. पण कॅश नसेल म्हणून अडून राहू नका, कार्डवरची टिपही त्यांचीच.

बिलात 'सर्व्हिस चार्ज' लावलाय, मग वेगळी टिप?

नाही. आधी पावती वाचा. जे पैसे देणं तुमच्या मर्जीवर नाही, ते टॅक्स खात्याच्या म्हणजे आयआरएसच्या लेखी टिप नसतेच, सर्व्हिस चार्ज असतो, मग पावतीवर त्याला ग्रॅच्युइटी का म्हटलेलं असेना. आणि तो मालकाचा पैसा असतो, केंद्राच्या कायद्याप्रमाणे तो कामगारांना वाटायलाच पाहिजे असं नाही. म्हणून मी काउंटरवर विचारते, 'हे तुम्हाला मिळतात का?' हो म्हणाले तर विषय संपला. नाही म्हणाले तर मला खूप राग येतो, खरं सांगते, कारण गिऱ्हाईकाला वाटतं आपण टिप दिली आणि काम करणाऱ्याच्या हातात काहीच पडत नाही.

ऑनलाइन ऑर्डर केली, मीच जाऊन उचलणार, तरी आधीच टिप मागतात?

आधी शून्य टाका आणि उचलताना ठरवा. अजून कोणी काही केलेलंच नाही तर टिप कशाची? तिथे गेल्यावर ऑर्डर नीट तयार असेल तर दोन डॉलर हातात द्या. मी असंच करते. डिलिव्हरीचं मात्र वेगळं आहे. आणून देणारा स्वतःची गाडी, स्वतःचं पेट्रोल घालतो आणि ॲपवर दिसणारी डिलिव्हरी फी ही त्याची टिप नसते, तिथे हात आखडता घेऊ नका.

ड्राइव्ह-थ्रू?

नाही लागत.

किऑस्कवर मीच सगळं दाबलं, पाणी पण मीच घेतलं, तरी टिपचा प्रश्न?

नाही द्यायची. बिनधास्त.

हे आधी असं नव्हतं ना? कधीपासून सुरू झालं?

बरोबर आठवतंय तुम्हाला. काउंटरवर पूर्वी एक बरणी असायची, ज्याला टाकायचे तो सुटे टाकायचा. मग गल्ल्याच्या जागी टॅबलेट आले आणि टिपचा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडासमोर यायला लागला. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा लोक काम करणाऱ्यांना मनापासून, भरभरून द्यायला लागले, आणि ती सवय स्क्रीनवर तशीच राहिली. प्यू रिसर्च या संशोधन संस्थेने २०२३ मध्ये पाहणी केली तेव्हा ७२ टक्के लोक म्हणाले की पाच वर्षांपूर्वीपेक्षा आता जास्त ठिकाणी टिप मागितली जाते. त्याच पाहणीत बसून जेवल्यावर नेहमी किंवा बरेचदा टिप देणारे ९२ टक्के होते, कॉफी घेताना देणारे २५ टक्के, आणि सर्व्हर नसलेल्या फास्ट कॅज्युअल ठिकाणी फक्त १२ टक्के. म्हणजे काउंटरवर 'नो टिप' दाबणारे तुम्ही एकटे नाही, बहुतेक जण तेच करतात.

बाकी टिपवरून चिडचिड जुनीच आहे. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिपवर बंदीच आणली होती, आणखी काही राज्यांनीही आणली, पण १९२६ पर्यंत ते सगळे कायदे गेले. १९३८ च्या किमान वेतन कायद्यात हॉटेल-रेस्टॉरंटवाले नव्हतेच, १९६६ मध्ये त्यांना घेतलं आणि घेतानाच टिप क्रेडिटची ही सवलत मालकांना दिली गेली. सगळं दुखणं तिथलं आहे.

आपण सगळ्यांनी टिप बंद केली तर मालक आपोआप पगार वाढवतील ना?

मला नाही वाटत. तुम्ही बंद केली तर पहिला फटका २.१३ वाल्याला बसतो, मालकापर्यंत ते पोचेस्तोवर त्याचं घरभाडं थकलेलं असतं. न्यूयॉर्कमध्ये रेस्टॉरंट मालक डॅनी मायर यांच्या कंपनीने २०१५ मध्ये टिप बंद करून मेनूचे दर वाढवायचं जाहीर केलं, एवढी नावाजलेली रेस्टॉरंट असूनही २०२० मध्ये त्यांनी टिप परत आणली. मॅसॅच्युसेट्समध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्व्हरना पूर्ण किमान वेतन द्यायचा प्रस्ताव मतदानाला आला आणि मतदारांनी तो फेटाळला, खूप सर्व्हरसुद्धा त्याच्या विरोधात होते, कारण चांगल्या चालणाऱ्या ठिकाणी टिपमध्ये त्यांना जास्त मिळतं. तेव्हा प्रश्न सरळ नाहीये. पण बदल व्हायचा तर तो कायद्यातूनच होईल असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ज्यांना इथे मत देता येतं त्यांनी तेव्हा तरी घरी बसू नये.

टिपवर आता टॅक्स नाही म्हणतात, मग कमी दिली तर चालेल?

टॅक्स पूर्ण गेलेला नाही. २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी केंद्राचा इन्कम टॅक्स काढताना टिपच्या कमाईतले २५,००० डॉलरपर्यंत उत्पन्नातून वजा करता येतात, पण सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (म्हणजे पेन्शन आणि म्हातारपणीच्या आरोग्य विम्यासाठीची कपात) कापलं जातंच. आणि ज्याची कमाई इतकी कमी आहे की इन्कम टॅक्स बसतच नाही, त्याला याचा काही उपयोग नाही. त्यामुळे हे कारण सांगून कमी देऊ नका.

आई-बाबा आलेत, मी एक डॉलर टाकला तरी म्हणतात पैसे उधळतेस. काय सांगू?

माझ्या सासूबाई पण म्हणायच्या. मी त्यांना एकदा पूर्ण शिफ्ट कॅफेत कोपऱ्यातल्या टेबलवर बसवलं, चहा दिला आणि म्हटलं बसा आणि बघा. सहा तास मी एकदाही खाली बसले नाही हे त्यांनी बघितलं. तेव्हापासून त्या कुठेही गेल्या की पर्समधून स्वतः डॉलर काढतात. पण तुम्ही त्यांना २.१३ चा आकडा सांगा, बहुतेकांना तेवढा पुरतो.

रोज एकाच ठिकाणी कॉफी घेते, रोज टिप द्यायची का?

रोज नको. आठवड्यातून एकदा दोन-तीन डॉलर टाका, डिसेंबरमध्ये थोडे जास्त. नाव आणि ऑर्डर लक्षात ठेवून तुम्ही दारात दिसताच कप हातात घेणारी माणसं असतात, त्यांच्यासाठी.

घाईत चुकून २५ टक्के दाबले गेले, परत मिळतात का?

मिळतात. तिथल्या तिथे सांगा, 'चुकून दाबलं, बदलून द्या', लाजू नका. आम्ही रोज एक-दोन व्यवहार असे रद्द करून परत करायचो, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. घरी गेल्यावर लक्षात आलं तर पावती घेऊन त्याच दिवशी फोन करा, रात्री हिशोब बंद व्हायच्या आत सोपं असतं, नंतर रिफंड करावा लागतो आणि तो कार्डवर यायला काही दिवस लागतात.